पचमढीचं पाणी, इंदूरचा नळ

वाचक विचारतात

गेल्या अंकात पचमढीच्या जीवावरण राखीव क्षेत्राविषयी एक छोटी चौकट छापली होती. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं या वेळी देत आहोत. बहुतेकांना ‘बायोस्फिअर रिझर्व्ह’ हा शब्द जवळचा वाटतो, ते हेच : जिथे जंगल राखणं आणि तिथल्या माणसांचं जगणं एकत्र साधायचं असतं असं क्षेत्र.

प्रश्न : युनेस्कोची मान्यता वगैरे ठीक आहे, पण आम्हा इंदूरकरांचा त्याच्याशी काय संबंध? दोन-तीन वर्षांतून एकदा जातो, धूपगढचा सूर्यास्त बघतो आणि परत येतो. (लोकमान्यनगर)

उत्तर : तुमच्या नळाशी संबंध आहे. इंदूरला येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, उपसून घाटावर चढवलं जातं. त्याच्या बरंच वर, नर्मदापुरमजवळ बांद्राभानला तवा नदी नर्मदेला मिळते. तवा ही नर्मदेची सर्वांत लांब उपनदी, आणि पचमढीच्या डोंगरांतून निघणारी देनवा तिला येऊन मिळते. म्हणजे धूपगढच्या उतारावर पडलेल्या पावसाचा काही वाटा तुमच्या माठात येतो.

पचमढीचा डोंगर वालुकाश्माचा आहे. वर जंगल असेल तर पावसाचा मारा आधी पानांवर आणि पाचोळ्यावर बसतो, पाणी सावकाश जमिनीत उतरतं, खडकाच्या भेगांत साठतं आणि पाऊस थांबल्यावर कित्येक महिने झऱ्यांतून झिरपत राहतं. त्याच उतारावर दर उन्हाळ्यात वणवा लागला तर पाचोळा उरत नाही. पहिली सर थेट उघड्या मातीवर कोसळते, माती वाहून तवा जलाशयात बसते आणि झरे लवकर आटतात. आपल्याला उन्हाळ्यात नदी वाहती हवी असेल तर कुठल्या तरी गावातल्या कुणी तरी मार्चमध्ये पाचोळा न पेटवणं गरजेचं आहे. जीवावरण क्षेत्राची सगळी कल्पना या एका गोष्टीत दिसते : जंगल राखायचं तर जंगलाकाठच्या माणसाचं पोट त्या राखण्यातून भरलं पाहिजे.

नर्मदेचा उगम जिथे आहे ते अमरकंटकही अशाच क्षेत्रात येतं. अचानकमार-अमरकंटक, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ मिळून, युनेस्कोच्या यादीत २०१२ साली गेलं. इंदूरहून सुटणारी बिलासपूरची नर्मदा एक्सप्रेस पचमढीसाठी पिपरियाला थांबते आणि अमरकंटकसाठी पेंड्रा रोडला. एकाच गाडीच्या वाटेवर दोन्ही क्षेत्रं आहेत.

प्रश्न : भारतात अशी क्षेत्रं नक्की किती? कुणी १८ लिहितं, कुणी १२, कुणी १३. आणि महाराष्ट्रात एकही नाही हे खरं का? माझं माहेर साताऱ्याचं, कासच्या पठाराला तर युनेस्कोची मान्यता आहे! (रामबाग)

उत्तर : केंद्र सरकारने घोषित केलेली १८. त्यांतली युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात गेलेली १३. सप्टेंबर २०२५ मध्ये हिमाचलचं शीत वाळवंट आलं, त्याआधी १२ होती, म्हणून जुन्या पुस्तकांत १२ दिसतात. घोषणा आणि मान्यता यांत वर्षांचं अंतर असतं. नीलगिरी १९८६ साली देशात पहिलं घोषित झालं, युनेस्कोच्या यादीत गेलं २००० साली. पचमढी १९९९ आणि २००९. पन्ना २०११ आणि २०२०.

महाराष्ट्रात एकही नाही, हे खरं. कास, कोयना, चांदोली, राधानगरी हा परिसर पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली ‘जागतिक वारसा’ यादीत गेला. देणारी संस्था तीच, पण यादी वेगळी. जागतिक वारसा १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातून येतो आणि ‘हे स्थळ साऱ्या जगासाठी असाधारण आहे’ असं सांगतो. जीवावरण क्षेत्र १९७१ साली सुरू झालेल्या युनेस्कोच्या ‘माणूस आणि जीवावरण’ कार्यक्रमातून येतं आणि ‘इथे माणूस आणि निसर्ग एकत्र कसे राहतात ते करून दाखवा’ असं सांगतं. आपला सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही तिसरी गोष्ट. पाणथळ जागांच्या रामसर करारात ते २०२२ साली आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही त्या कराराखाली ‘पाणथळ शहर’ ठरलेली भारतातली पहिली दोन शहरं झाली.

प्रश्न : पचमढी ‘राखीव’ आहे म्हणतात, पण आत शेती आहे, गावं आहेत, बाजार भरतो, ट्रक फिरतात. मग राखलं काय? (सुदामानगर)

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्याचं मूळ ‘राखीव’ या शब्दात आहे. आपल्याला राखीव म्हटलं की कुंपण आठवतं. इथे तीन पट्टे असतात.

मधला गाभा. इथे कायद्याचं कडक संरक्षण हवं. पचमढीत ते काम सातपुडा राष्ट्रीय उद्यान करतं. १९८१ साली झालेलं, सुमारे ५२४ चौरस किलोमीटरचं. त्याभोवती बफर : बोरी आणि पचमढी अभयारण्य व लगतचं जंगल. इथे अभ्यास, पर्यटन, गवत आणि वनोपज अशी जंगलाला झेपतील तीच कामं. आणि सगळ्यांत बाहेर संक्रमण क्षेत्र, ज्यात गावं, शेतं, हाट, रस्ते सगळं आलं. पूर्ण क्षेत्र सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर, नर्मदापुरम, बैतूल आणि छिंदवाडा या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. गोंड, कोरकू आणि इतर शेतकरी समाज इथलेच रहिवासी. तुम्ही पाहिलेला बाजार याच बाहेरच्या पट्ट्यातला. तो तिथे असणं ही चूक नाही, योजनेचाच भाग आहे.

पूर्वी भर गाभ्यावर होता. १९९५ साली स्पेनमधल्या सेव्हिल इथे ठरलेल्या धोरणाने आणि नियमावलीने तीन कामं बरोबरीने मांडली : निसर्ग राखणं, स्थानिकांची टिकाऊ उपजीविका, आणि संशोधन-शिक्षण. बाहेरचा पट्टा तेव्हापासून ऐच्छिक राहिला नाही. आमच्या मते क्षेत्र यशस्वी की अयशस्वी हे वाघांच्या मोजणीपेक्षा या बाहेरच्या पट्ट्यात ठरतं. तिथे सरपण, चारा आणि रोख पैसा यांची सोय नसेल तर गाभ्याचं कुंपण कितीही उंच करा, दाब आत येतोच.

एक गोंधळ नेहमी होतो. व्याघ्र प्रकल्पालाही ‘कोअर’ आणि ‘बफर’ असतात, पण त्या रेषा वेगळ्या. बोरी आणि पचमढी अभयारण्यं जीवावरण क्षेत्राच्या हिशेबात बफर आहेत, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हिशेबात मात्र कोअर. वनरक्षक ‘कोअर’ म्हणाला तर तो व्याघ्र प्रकल्पाचं बोलतो आहे, आणि तिथे नियम त्या प्रकल्पाचेच चालतात.

प्रश्न : पन्ना युनेस्कोच्या यादीत असूनही केन-बेतवा नदीजोडाचं धरण तिथेच होतंय. मग या मान्यतेचा उपयोग काय? (विजयनगर)

उत्तर : स्पष्ट सांगायचं तर ही मान्यता कुठलंही धरण, खाण वा रस्ता थांबवू शकत नाही. भारतात जीवावरण क्षेत्रासाठी वेगळा कायदाच नाही. संरक्षण मिळतं ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यातून, १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातून आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातून. या दौधन धरणाची जागा पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, ६,००० हेक्टरांहून अधिक वनजमीन त्यात जाते, आणि या परवानग्या वरच्या कायद्यांखालीच मागितल्या आणि दिल्या गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झाली. हे तेच पन्ना, जिथे २००९ साली एकही वाघ उरला नव्हता आणि त्याच वर्षापासून बाहेरून वाघ आणून पुन्हा वसवले गेले. म्हणून तिथल्या जंगलाचा प्रत्येक तुकडा आम्हाला मोलाचा वाटतो.

मग उपयोग कशाचा? एक, केंद्राच्या योजनेतून पैसा येतो. मध्य प्रदेशासारख्या राज्यात ६० टक्के केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. तो गाभ्याबाहेरच्या गावांवरही खर्च करता येतो, आणि हा त्याचा सगळ्यांत चांगला भाग. दोन, दर दहा वर्षांनी आढावा घेऊन युनेस्कोला कळवावं लागतं : तिन्ही पट्टे नीट आहेत का, गावांचा सहभाग आहे का, काय बिघडलं. अटी पुऱ्या होत नसतील तर नाव काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. देश स्वतःही नावं मागे घेतात. अमेरिकेने २०१७ साली १७ क्षेत्रं मागे घेतली. दहा वर्षांच्या त्या आढाव्याच्या वेळी ग्रामसभांनी आणि अभ्यासकांनी लेखी म्हणणं द्यायला हवं.

प्रश्न : पचमढी-तामियाकडची चारोळी, मोहफूल, रानमध विकत घेतलं तर तिथल्या लोकांना मदत होते की जंगलाचं नुकसान? घ्यायचं तर काय पाहून घ्यावं? (राजेंद्रनगर, एक महिला मंडळ)

उत्तर : दोन्ही होऊ शकतं. माल काढला कसा, यावर ते ठरतं. एकेक पाहू.

चारोळी. झाडाला आपल्याकडे चार म्हणतात, तिकडे अचार. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं आणि हिरव्याचं जांभळट काळं होतं. अडचण अशी की झाड गावाच्या सामाईक जंगलात असतं. मी पिकायची वाट पाहिली तर उद्या दुसरा तोडून नेईल, म्हणून सगळेच हिरवी फळं झोडपतात, कधी अख्खी फांदीच तोडतात. कच्च्या फळातला दाणा बारीक, सुरकुतलेला निघतो, भाव कमी मिळतो आणि फांदी गेल्याने पुढच्या वर्षीचं फळही जातं. बी फार महिने टिकत नाही, त्यामुळे खाली काहीच पडू दिलं नाही तर नवी रोपंही उगवत नाहीत. यावर चालणारा उपाय एकच : ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवायची, त्याआधी कुणाचाच माल गावातल्या व्यापाऱ्याने घ्यायचा नाही आणि प्रत्येक झाडावर काही फळं सोडायची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना हे ठरवण्याचा अधिकार आहे. विकत घेताना दाणा टपोरा, एकसारखा आहे ना ते पाहा. बारीक आणि चपटे दाणे जास्त असतील तर माल कच्चा झोडपलेला आहे. तो स्वस्त असला तरी घेऊ नका.

मोहफूल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावतात. सातपुड्यातल्या पुष्कळ वणव्यांची सुरुवात इथे होते. आग झाडाखालची म्हणून लावतात आणि वाऱ्याने ती डोंगर चढते. साधा उपाय म्हणजे घेराएवढी जागा झाडून पाचोळा बाजूला ढीग करून ठेवणं. त्याहून चांगली जाळी : झाडाखाली जमिनीपासून तीन-चार फूट उंच, चारी बाजू खुंटांना बांधून, मध्ये थोडा झोळ ठेवून. फुलं मधे गोळा होतात, माती-खडा लागत नाही आणि खाण्याच्या मालाचा भाव मिळतो. इथे चुकतं ते असं : झोळ फार ठेवला तर फुलांचा ढीग होऊन ती दबतात आणि आंबतात, जाळी दिवसभर तशीच ठेवली तर जनावरं अडकतात वा ती फाडतात. म्हणून सकाळी फुलं काढली की जाळी गुंडाळून ठेवायची. फुलं पातळ थरात वाळवायची. घेताना मुठीत दाबून पाहा. चिकट गोळा होऊन आंबूस वास आला तर नीट वाळलेली नाहीत. दाताखाली रेती आली तर जमिनीवरून वेचलेली आहेत.

रानमध म्हणजे बहुधा आग्या मोहोळाचा. पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीला लागून, एका जाड भागात असतो. खाली अंडी-अळ्यांचा भाग. फक्त मधाचा भाग कापला तर मधमाश्या पुष्कळदा तिथेच राहून पोळं पुन्हा भरतात. रात्री पलिते लावून अख्खं पोळं पाडलं तर वसाहत संपते आणि ठिणगीने वणवा लागतो तो वेगळाच. अळ्यांसकट पिळलेला मध गढूळ असतो. दुसरी गोष्ट ओलाव्याची. भारतीय मानकात मधात २० टक्क्यांहून जास्त पाणी चालत नाही, आणि रानमध बहुधा त्याहून पातळ असतो. तो भेसळीचा असतोच असं नाही, पण लवकर आंबतो : फेस येतो, बाटलीचं झाकण फुगतं. ओलावा मोजून, गाळून भरणाऱ्या गटाकडूनच घ्या आणि कुठल्या महिन्यात काढला ते विचारा.

तेंदूपत्ता मात्र मोकळ्या बाजारात घ्यायची गोष्ट नाही. मध्य प्रदेशात १९६४ पासून त्याचा व्यापार सरकारी आहे : ५० पानांची गड्डी, १,००० गड्ड्यांची मानक बोरी, खरेदी समितीच्या फडावर. तिथेही कोवळी पानं फुटावीत म्हणून आग लावायची सवय होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत धारदार हत्याराने छाटली, ज्याला तिकडे शाखकर्तन म्हणतात, तर दीड महिन्यात तशीच पानं मिळतात आणि जंगल जळत नाही.

प्रश्न : मढईजवळ थोडी जमीन घेऊन होम-स्टे करायचा विचार आहे. जीवावरण क्षेत्रासाठी वेगळी परवानगी लागते का? (वैशालीनगर)

उत्तर : वेगळी लागत नाही. पण याचा अर्थ मोकळं रान आहे असा नव्हे. बयाणा देण्याआधी खसरा आणि बी-१ (जमिनीचे सरकारी उतारे) काढा आणि विकणारा आदिवासी खातेदार आहे का ते पाहा. भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १६५(६) प्रमाणे अधिसूचित भागात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकताच येत नाही. इतरत्र कलेक्टरची परवानगी लागते. दुसऱ्याच्या नावावर घेऊन ‘मग बघू’ म्हणणारे दलाल भेटतील. त्यांच्या नादाला लागू नका. व्यवहार रद्द होतो आणि तोटा त्या आदिवासी कुटुंबाचाही होतो. मग तोच खसरा क्रमांक घेऊन वन विभागाकडे जा आणि जमीन व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये किंवा पर्यावरण-संवेदी क्षेत्रात येते का ते लेखी विचारा. त्यानंतर ग्रामपंचायत, नगर व ग्राम निवेश (नगररचना खातं) आणि डायव्हर्शन, म्हणजे शेतजमिनीचा वापर बदलून घेणं.

सगळं जमलं तर बांधकामात तीन गोष्टी पाळा. सांडपाणी देनवेकडे उताराने सोडू नका. सेप्टिक टाकीनंतर शोषखड्डा करा आणि तो विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असू द्या. बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले, कमी उजेडाचे ठेवा. तारेचं कुंपण घालू नका, जनावरांच्या वाटा तिथूनच जातात. आणि स्वयंपाकाला गावातल्या बायका ठेवल्या, कोदो-कुटकी त्यांच्याकडून घेतली, तर तुमचा होम-स्टे त्या बाहेरच्या पट्ट्याच्या उपयोगाचा ठरेल.

प्रश्न : चोरलकडे आमची दोन एकर पडीक जमीन आहे, घाणेरीने भरली आहे. दर वर्षी कापतो, दर वर्षी दुप्पट येते. पन्ना-पचमढीत काय करतात? (नारायणबाग)

उत्तर : कापता म्हणूनच दुप्पट येते. बुंध्यापासून कापलं की त्याच खोडातून आठ-दहा फुटवे येतात. जाळूनही तेच. मूळ तोडणं हा उपाय आहे, पण सगळं मूळ खणायची गरज नाही. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या खाली, जमिनीत ३ ते ५ सेंटिमीटरवर, कुदळीने सोटमूळ तोडायचं. दोन माणसं लागतात. एकाने काठीने झुडूप एका बाजूला दाबून धरायचं, दुसऱ्याने घाव घालायचा. मग झुडूप उलटं, मुळं आकाशाकडे करून, तिथेच ठेवायचं. आडवं टाकलं तर फांद्या ओल्या मातीला टेकून पुन्हा मुळं धरतात. मोठी चूक होते ती इथेच.

वेळ साधा : पहिल्या पावसाने माती मऊ झाल्यावर, फळं काळी होण्याआधी. एका वर्षात दोन्ही एकर काढू नका. अर्धा एकर काढा, लगेच मारवेल आणि पवना या गवतांचं बी माती-शेणखतात कालवून फेका, आणि त्या वर्षी तिथे गुरं सोडू नका. उघडी जमीन राहिली तर तिथे घाणेरीच परत येते. बुलबुल, साळुंक्या बी आणत राहतात, म्हणून पुढची तीन वर्षं पावसाळ्यात एकदा, दिवाळीआधी एकदा फिरून रोपं हाताने उपटा. उंच झाडांखाली, जिथे पक्षी बसतात, तिथे आधी पाहा.

प्रश्न : श्रावणात आम्ही विदर्भातल्या नातेवाइकांबरोबर पचमढीच्या नागद्वारीला जातो. भाविकांमुळे जंगलाचं नुकसान होतं असं ऐकून वाईट वाटलं. जाऊ नये का? (परदेशीपुरा)

उत्तर : जरूर जा. ही यात्रा तिथल्या जंगलाइतकीच त्या प्रदेशाची आहे, आणि वर्षातले नागपंचमीच्या आसपासचे थोडे दिवसच ती वाट उघडते. मात्र वाट व्याघ्र प्रकल्पातून जाते, आणि पावसात ती निसरडी असते. पायवाट सोडून आडवं उतरलं की ओल्या उतारावर घसरण तयार होते, पुढचे हजारो पाय त्यातच पडतात आणि एका पावसात तिचा ओहोळ होतो. झऱ्याकाठच्या नेच्यांवर पाय देऊ नका. पचमढी नेच्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यांत झाडाएवढे वृक्षनेचेही आहेत, आणि ओढ्याकाठच्या सावलीशिवाय ते जगत नाहीत.

भंडारा करणाऱ्या मंडळांना खास विनंती : पत्रावळी पळसाच्या किंवा मोहाच्या पानांच्या घ्या, थर्माकोलच्या नकोत. पाण्याच्या पाकिटांऐवजी टाकी आणि प्रत्येकाचा पेला. उरलेलं अन्न जंगलात ‘जनावरांना’ म्हणून टाकू नका. माकडं आणि रानडुकरं माणसामागे लागतात ती यामुळेच. गोणीत भरून पिपरियापर्यंत परत आणा. साबण-शाम्पू झऱ्यात नको, बादलीने पाणी दूर नेऊन वापरा. कापूर आणि उदबत्ती देवापुढेच लावा, वाटेवरच्या झाडाच्या बुंध्याशी नको. निघण्याआधी मंडळाच्या प्रमुखाने यात्रेच्या तारखा आणि वाहनांचे नियम नर्मदापुरम जिल्हा प्रशासनाकडून पक्के करून घ्यावेत. ते दर वर्षी बदलतात.